दुसरी जागा, शेवटची जागा

आफ्रिकान्स शिकायला घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्याच दिवशी हायसं वाटतं. क्रियापद चालवायचंच नाही! मराठीत ‘मी चालतो, ती चालते, तुम्ही चालता, त्या चालतात’ असा पसारा आहे. आफ्रिकान्समध्ये चालणं म्हणजे ‘लूप’, मग चालणारा कोणीही असो. ‘एक लूप’ म्हणजे मी चालतो किंवा चालते, कारण या भाषेत ‘एक’ म्हणजे ‘मी’. ‘येय लूप’ म्हणजे तू, ‘हेय लूप’ म्हणजे तो, ‘सेय लूप’ म्हणजे ती, ‘ओंस लूप’ म्हणजे आम्ही, ‘हल लूप’ म्हणजे ते. ‘आहे’ला ‘इस’ हा एकच शब्द सगळ्या पुरुषांना आणि वचनांना पुरतो. नामांना लिंग नाही, विभक्तीचे प्रत्यय नाहीत. पहिला आठवडा मजेत जातो.

अडचण येते ती पुढे. शिकणाऱ्याचा प्रत्येक शब्द बरोबर असतो, उच्चारही बरे जमलेले असतात, तरीही वाक्य चुकतं, कारण शब्द भलत्या जागी पडलेला असतो. या भाषेने प्रत्ययांचं ओझं टाकून दिलं आणि त्यातलं बरंचसं काम शब्दांच्या जागांवर सोपवलं. मराठीत ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हटलं काय आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हटलं काय, कोण कोणाला चावलं ते ‘ला’ सांगतो. आफ्रिकान्समध्ये ‘दी हॉन्त बेयत दी मान’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो, आणि ‘दी मान बेयत दी हॉन्त’ म्हटलं की लोक सहसा उलटाच अर्थ घेतात. शब्द तेच, बदलली ती जागा.

आफ्रिकान्स रोमन लिपीत लिहितात. या प्रकरणात तिचे उच्चार देवनागरीत जमतील तसे बसवले आहेत. त्यातला ‘ख’ मात्र मराठी ‘खडू’तला नाही, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घशातून घासत काढायचा. लिहिताना तिथे बहुतेक वेळा रोमन ‘जी’ असतो.

प्रत्यय गेले आणि क्रम राहिला, यामागे इतिहास आहे. 6 एप्रिल 1652 रोजी यान फान रिबेक डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या टेबल बे इथे उतरला. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजं पाणी, भाजीपाला आणि मांस मिळावं म्हणून कंपनीने तिथे ठाणं वसवलं. त्या ठाण्यात डच बोलणारे होते, तसे जर्मन आणि फ्रेंच घरांतले लोकही होते. मूळचे खोईखोई लोक होते. बंगाल, कोरोमंडल आणि मलबारचा किनारा, इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर, पूर्व आफ्रिका इथून गुलाम करून आणलेली माणसं होती. स्वयंपाकघरात, शेतावर, बंदरात या सगळ्यांना एकमेकांशी बोलायचं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी डच मोठेपणी, कानांवर पडेल तशी उचललेली होती. मोठेपणी शिकणारा माणूस सर्वांत आधी गाळतो ते क्रियापदांचे बारीकसारीक प्रत्यय. तसंच इथे झालं. वाक्याचा सांगाडा मात्र डचच राहिला, आणि त्या सांगाड्यावर या सर्व भाषांच्या खुणा उमटल्या.

या नव्या बोलीला ‘स्वयंपाकघरातली डच’ म्हणून हिणवणारे बरेच होते. तरीही ती लिहिली जाऊ लागली, आणि तीही एकाहून अधिक लिपींत. केपमधल्या मुसलमानांनी ती अरबी लिपीत लिहिली. ऑटोमन सुलतानाने केपला पाठवलेले विद्वान अबू बक्र एफेन्दी यांचा ‘बयान अद-दीन’ हा धर्मग्रंथ अरबी लिपीतल्या आफ्रिकान्समध्ये 1877 साली इस्तंबूलला छापला गेला. त्याआधी 14 ऑगस्ट 1875 रोजी पार्ल गावात गोऱ्या आफ्रिकानर मंडळींनी भाषेसाठी एक संस्था काढली होती. 1925 साली आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला. पुढे वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांवर ती लादली, आणि 16 जून 1976 रोजी सोवेटोतले विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळ्यांना अनेक मुलं बळी पडली. ही भाषा शिकणाऱ्याला हेही ठाऊक असायला हवं. 2022 च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेतल्या 10.6 टक्के लोकांची ती घरची भाषा आहे. झुलू आणि खोसा यांच्यानंतर तिचा तिसरा क्रमांक लागतो. तिच्या भाषकांत गोऱ्यांपेक्षा बिगरगोरे अधिक आहेत.

महाराष्ट्राशीही तिचा एक धागा जुळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातले मुसलमान केप टाऊनला जाऊन स्थायिक झाले आणि आपली कोकणी बोली सोबत घेऊन गेले. तिथल्या गल्लीबोळांत या बोलीची आफ्रिकान्सशी गाठ पडली. केप टाऊन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी या ‘कोकनी’चा अभ्यास केला आहे. म्हणजे कोकणातून आलेल्या माणसाने आफ्रिकान्स शिकणं ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षांची आहे.

क्रियापद दुसरं

आफ्रिकान्स वाक्याचा पहिला नियम असा: साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. पहिल्या जागी काय ठेवायचं ते बोलणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

‘एक लीस फान्दाख दी बुक.’ मी आज पुस्तक वाचतो. आता ‘आज’वर भर द्यायचा असेल तर ‘फान्दाख’ पुढे येतं: ‘फान्दाख लीस एक दी बुक.’ पुस्तकावर भर द्यायचा असेल तर ‘दी बुक लीस एक फान्दाख.’ तिन्ही वाक्यांत ‘लीस’ जागचं हललेलं नाही. हलला तो ‘एक’. पहिली जागा दुसऱ्याने घेतली की कर्ता निमूटपणे क्रियापदाच्या मागे जाऊन उभा राहतो.

इथे इंग्रजीच्या वाटेने येणारा हमखास फसतो. ‘फान्दाख एक लीस’ असं त्याच्या तोंडून निघतं, कारण इंग्रजीत ‘आज’ पुढे आला तरी कर्ता क्रियापदाच्या आधीच राहतो. मराठी माणूसही तीच चूक करतो, कारण ‘आज मी’ ही जोडी त्याच्या जिभेवर बसलेली असते. ही एक सवय दोघांनाही नव्याने लावून घ्यावी लागते. जर्मन, डच, स्वीडिश या तिच्या नात्यातल्या भाषांत हा नियम आहेच. भारतात तो काश्मिरीत आढळतो.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे. पहिल्या जागी एखादा लांबलचक शब्दसमूह येऊ शकतो. ‘इन दी ओउ हेयस आख्तर दी केर्क वून मेय ओउमा.’ चर्चच्या मागच्या जुन्या घरात माझी आजी राहते. ‘इन’पासून ‘केर्क’पर्यंतचे सात शब्द मिळून स्थळ सांगतात, म्हणून ती सगळी एकच जागा. त्यानंतर ‘वून’, म्हणजे राहते, आणि त्यानंतर आजी.

पहिल्या जागी अख्खं उपवाक्यही बसतं. ‘आस दित रेन, ब्लेय एक तेयस.’ पाऊस पडला की मी घरीच राहतो. ‘आस दित रेन’, म्हणजे ‘पाऊस पडला की’, ही पहिली जागा झाली. लगेच दुसऱ्या जागेचं क्रियापद ‘ब्लेय’ आलं. स्वल्पविरामाच्या अलीकडे ‘रेन’ आणि पलीकडे ‘ब्लेय’, अशी दोन क्रियापदं समोरासमोर उभी राहतात. आफ्रिकान्स वाचताना असं दृश्य दिसलं की एक उपवाक्य संपून मुख्य वाक्य सुरू झालं असं बहुधा समजावं.

प्रश्न विचारणं मग फारच सोपं होतं. पहिली जागा रिकामी सोडली की हो-नाहीचा प्रश्न तयार होतो: ‘लीस येय दी बुक?’ तू पुस्तक वाचतोस का? तिथे प्रश्नार्थक शब्द ठेवला की दुसरा प्रकार: ‘वात लीस येय?’ तू काय वाचतोस?

उरलेलं क्रियापद शेवटी

क्रियापद दोन शब्दांचं झालं की खरी गंमत सुरू होते. भूतकाळासाठी ‘हेत’ हे सहायक क्रियापद लागतं आणि मुख्य क्रियापदाला ‘ख’ हा उपसर्ग जोडला जातो. ‘लीस’चं होतं ‘खलीस’. पण हे दोघं शेजारी बसत नाहीत. ‘हेत’ दुसऱ्या जागी राहतं आणि ‘खलीस’ थेट वाक्याच्या शेवटी जातं. बाकीचं सगळं या दोन खुंट्यांच्या मधल्या दोरीवर वाळत घातल्यासारखं असतं.

‘एक हेत खिस्तर दी बुक फिन्नख इन दी बिब्लिओतीक खलीस.’

एक: मी. हेत: सहायक क्रियापद. खिस्तर: काल. दी बुक: ते पुस्तक. फिन्नख: भराभर. इन दी बिब्लिओतीक: वाचनालयात. खलीस: वाचलं. आता ‘हेत’वर बोट ठेवून वाक्य पुन्हा वाचावं. ‘मी काल ते पुस्तक भराभर वाचनालयात वाचलं.’ मराठीत ‘वाचनालयात’ एखादा शब्द अलीकडे घेणं कानाला बरं वाटतं, एवढाच फरक. बाकी ओळीने मराठीच आहे. इंग्रजीत हेच वाक्य करताना पुस्तक, वाचनालय आणि काल हे तिघेही क्रियापदाच्या मागे जातात. म्हणून आफ्रिकान्स वाक्याचा मधला भाग आणि शेवट पकडण्यासाठी मराठी माणसाने इंग्रजीतून जाण्याचं कारणच नाही. त्याने मराठीत विचार करावा आणि एक शब्द उचलून दुसऱ्या जागी ठेवावा.

दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांमध्ये आफ्रिकान्स दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांना हा क्रम ‘स्टॉम्पी’ या आद्याक्षरांच्या शब्दाने पाठ करायला लावतात: आधी कर्ता, मग काळ, कर्म, रीत, स्थळ आणि सर्वांत शेवटी ‘ऑम त’ घालून येणारं हेतूचं क्रियापद. पहिलं क्रियापद कर्त्यानंतर आणि दुसरं स्थळानंतर येतं, हे त्यात गृहीत असतं. घरी इंग्रजी किंवा झुलू बोलणाऱ्या मुलांना हे घोकावं लागतं. मराठी मुलाला यातला बराचसा क्रम ओळखीचा वाटेल.

भविष्यकाळ आणि इच्छा यांनाही हीच रचना लागू होते. ‘एक साल मॉर दी बुक लीस’ म्हणजे मी उद्या पुस्तक वाचेन. ‘एक विल दी बुक लीस’ म्हणजे मला ते पुस्तक वाचायचंय. ‘साल’ आणि ‘विल’ दुसऱ्या जागी, ‘लीस’ शेवटी.

काही क्रियापदं तर स्वतःच दुभंगतात. ‘ऑपस्तान’ म्हणजे उठणं. वर्तमानकाळात त्याचे दोन तुकडे होतात: ‘एक स्तान फ्रूख ऑप’, मी लवकर उठतो. ‘स्तान’ दुसऱ्या जागी आणि ‘ऑप’ शेवटी. भूतकाळात ते पुन्हा जुळतात, पण ‘ख’ मध्ये शिरतो: ‘एक हेत फ्रूख ऑपखस्तान.’ ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत धीर धरावा लागतो. मराठी श्रोत्याला त्याचं काही नवल नाही. ‘मी त्याला उद्या सकाळी पैसे...’ इथपर्यंत ऐकून देणार की मागणार हे त्यालाही कळत नसतं.

जोडणाऱ्या शब्दांचे तीन गट

दोन वाक्यं जोडताना क्रियापद कुठे जाईल हे जोडणारा शब्द ठरवतो. दक्षिण आफ्रिकेतले शिक्षक अशा शब्दांचे तीन गट करून शिकवतात, आणि ही विभागणी खरोखर कामाची आहे. मी आजारी आहे म्हणून घरी थांबतो, एवढीच गोष्ट तीन प्रकारे सांगून पाहता येईल.

पहिल्या गटात एन (आणि), मार (पण), ऑफ (किंवा), वांत (कारण) हे शब्द आहेत. ते क्रमाला हात लावत नाहीत. ‘एक ब्लेय तेयस, वांत एक इस सीक.’ मी घरी थांबतो, कारण मी आजारी आहे. ‘वांत’नंतर नव्याने वाक्य सुरू होतं: कर्ता, मग क्रियापद.

दुसऱ्या गटात दारॉम (म्हणून), दान (मग), दारना (त्यानंतर), तॉख (तरीही) हे शब्द येतात. ते स्वतः पहिली जागा घेतात, त्यामुळे क्रियापद लगेच त्यांच्या मागे लागतं. ‘एक इस सीक, दारॉम ब्लेय एक तेयस.’

तिसऱ्या गटात ऑमदात (कारण), दात (की), आस (जर), तरवेयल (असताना), फूरदात (आधी), हूवेल (जरी) अशी मोठी फौज आहे. हे शब्द क्रियापदाला उपवाक्याच्या शेवटी ढकलतात. ‘एक ब्लेय तेयस ऑमदात एक सीक इस.’ शब्दशः: कारण मी आजारी आहे. ‘एक सीक इस’, ‘मी आजारी आहे’, शब्दाला शब्द. ‘वांत’ आणि ‘ऑमदात’ यांचा अर्थ जवळपास सारखा असूनही एकामागे ‘एक इस सीक’ येतं आणि दुसऱ्यामागे ‘एक सीक इस’. पहिलं इंग्रजीसारखं, दुसरं मराठीसारखं.

भूतकाळातलं उपवाक्य तर मराठीच्या आणखी जवळ येतं. ‘ऑमदात एक दी बुक खलीस हेत’: कारण मी ते पुस्तक वाचलं आहे. ‘खलीस हेत’ म्हणजे ‘वाचलं आहे’, त्याच क्रमाने. इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. ‘विल’, ‘साल’, ‘कान’ ही सहायक क्रियापदं ‘हेत’सारखी शेवटी जात नाहीत, मुख्य क्रियापदाच्या आधी थांबतात. ‘दात हेय दी बुक विल लीस’, की त्याला ते पुस्तक वाचायचंय. ‘लीस विल’ असं म्हणायचं नाही.

‘दात’ गाळला तर? ‘हेय से दात हेय सीक इस’, तो म्हणतो की तो आजारी आहे. बोलताना ‘दात’ सर्रास गळतो, आणि तो गेला की क्रियापद शेवटची जागा सोडून परत दुसऱ्या जागी येतं: ‘हेय से हेय इस सीक.’ एका छोट्या शब्दाच्या असण्या-नसण्यावर वाक्याचा घाट बदलतो.

जागेचं महत्त्व सर्वांत ठळकपणे दाखवतो तो ‘तू’ हा शब्द. त्याची कामं तीन. वाक्याच्या सुरुवातीला येऊन लगेच पुढे क्रियापद आलं तर तो ‘मग’ असतो: ‘तू कॉम हेय’, मग तो आला. पुढे कर्ता आला आणि क्रियापद शेवटी गेलं तर तो ‘जेव्हा’ होतो: ‘तू हेय कॉम’, तो आला तेव्हा. आणि नामाच्या मागे लागला तर दिशा दाखवतो: ‘स्कूल तू’, शाळेला, ‘हेयस तू’, घराकडे. आता दोन वाक्यं शेजारी ठेवावीत. ‘तू खान हेय स्कूल तू.’ मग तो शाळेला गेला. ‘तू हेय स्कूल तू खान, हेत दित खरेन.’ तो शाळेला जात होता तेव्हा पाऊस पडला. दोन्ही ‘तू’ दोन्ही वाक्यांत तेच आहेत. अर्थ ठरला तो ‘खान’ कुठे उभं आहे त्यावरून.

दोनदा नाही

आफ्रिकान्सची सर्वांत प्रसिद्ध लकब म्हणजे दोन वेळा येणारा नकार. ‘एक इस नी मूख नी.’ मी दमलेलो नाही. पहिला ‘नी’ नकार देतो, दुसरा नकाराची हद्द कुठे संपते ते सांगतो. डचमध्ये एकच नकार पुरतो. हा दुसरा ‘नी’ डचच्या काही बोलींतून आला की खोईखोई लोकांच्या बोलण्यातून, यावर भाषातज्ज्ञांत वाद आहे.

नवख्याला प्रश्न पडतो तो ‘नी’ एकदा कधी म्हणायचं याचा. उत्तर असं: पहिला ‘नी’ आपोआपच वाक्याच्या शेवटी पडला तर दुसरा लागत नाही. ‘एक वीत नी’, मला माहीत नाही. ‘एक वीत दित नी’, मला ते माहीत नाही. इथे ‘दित’ हे सर्वनाम ‘नी’च्या आधी गेलं, म्हणून अजूनही एकच. पण ‘हेय प्रात नी आफ्रिकान्स नी’, तो आफ्रिकान्स बोलत नाही. इथे भाषेचं नाव ‘नी’नंतर आलं, म्हणून दुसरा ‘नी’ हवा. उपवाक्य जोडलेलं असेल तर तो उपवाक्याच्याही शेवटी जातो: ‘एक वीत नी ऑफ हेय कॉम नी’, तो येतोय की नाही मला माहीत नाही.

‘कोणीही नाही’ असा अर्थ असलेल्या शब्दानंतरही शेवटचा ‘नी’ येतो. ‘नीमांत हेत खकॉम नी’: कोणी आलं नाही. इथे हा ‘नी’ मराठीतल्या ‘नाही’च्याच जागी आहे. आज्ञा देताना पहिला नकार क्रियापदात मुरून ‘मूनी’ असा एक शब्द होतो: ‘मूनी हार्तलूप नी!’ पळू नकोस!

ओळखीच्या खुणा

दुसऱ्या आणि शेवटच्या जागेचा हिशेब बसला की आफ्रिकान्समध्ये मराठी माणसाला एकेक ओळखीची रचना भेटू लागते. मालकी दाखवायला ‘स’ हा शब्द नामाच्या मागे येतो: ‘यान स बुक’, यानचं पुस्तक. तो कितीही वेळा लावता येतो. ‘मेय पा स फ्रींत स कार’, माझ्या बाबांच्या मित्राची गाडी. लिंग-वचनाप्रमाणे ‘चा, ची, चे’ करायची गरज नाही, क्रम मात्र तंतोतंत तोच.

माणूस कर्म असेल तर बोलण्यात त्याच्याआधी ‘फर’ येतो. ‘एक सीन दी हेयस’, मला घर दिसतं. पण ‘एक सीन फर यान’, मला यान दिसतो. मराठीत ‘मी पुस्तक पाहिलं’ आणि ‘मी रामला पाहिलं’ यांत जो फरक आहे, तोच हा. माणसांना वेगळी खूण लावण्याची ही सवय पोर्तुगीज-मिश्रित बंदरबोलीतून आली असावी, असं काही अभ्यासक मानतात. तिच्यामुळे कुत्रा कोणाला चावला याचा घोळही मिटतो: ‘दी हॉन्त बेयत फर दी मान.’

आफ्रिकान्सचे शब्दयोगी शब्द बहुतेक नामाच्या आधी येतात, पण दिशा दाखवायची असेल तर मागेही जातात. ‘हेय लूप इन दी बॉस’ म्हणजे तो रानात फिरतो, रानातच आहे. ‘हेय लूप दी बॉस इन’ म्हणजे तो बाहेरून रानात शिरतो. मराठीत ‘रानात’ एकच. भेद क्रियापदाने दाखवावा लागतो. आफ्रिकान्सला त्यासाठी ‘इन’ची जागा बदलणं पुरतं.

चालू असलेली क्रिया सांगताना बसणं, उभं राहणं, आडवं होणं ही क्रियापदं मदतीला येतात. ‘हेय सित एन लीस’ शब्दशः ‘तो बसतो आणि वाचतो’, पण अर्थ आहे ‘तो वाचत बसलाय’. ‘सेय स्तान एन प्रात’, ती बोलत उभी आहे. प्रश्नात ही अख्खी जोडी दुसऱ्या जागी येऊ शकते: ‘वात सित एन लीस येय?’ काय वाचत बसलायस? द्विरुक्तीही आहे. ‘हेय कॉम लाख-लाख बिन’, तो हसत हसत आत येतो. ‘लाख’ म्हणजे हसणं. आणि ‘यान-हल’ म्हणजे यान आणि मंडळी.

वडीलधाऱ्यांशी बोलताना सर्वनामच बाजूला होतं. पुरुषाला ‘ऊम’, बाईला ‘तानी’. काका आणि मावशी. नातं असो नसो, दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत हेच. ‘येय’ म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून जिथे जिथे ‘तुम्ही’ यायचं तिथे ‘ऊम’ येतो. ‘हेत ऊम ऊम स ब्रिल खक्रेय?’ काका, तुमचा चष्मा सापडला का? पहिला ‘ऊम’ कर्ता आहे, दुसरा चष्म्याचा मालक, आणि दोन्ही एकच काका. वाक्यरचना न ओळखणाऱ्याला इथे कोणीतरी काकांना दोनदा हाक मारतंय असं वाटेल.

एक लांब वाक्य

आता एक भरगच्च वाक्य उलगडता येईल. ‘तू मेय ओउमा नॉख खलीफ हेत, हेत ओंस एल्क सॉन्दाख ना केर्क बेय हार खान ईत, मार एक कान नी मीर ऑन्थोउ वात सेय खकूक हेत नी.’ आजी हयात होती तेव्हा आम्ही दर रविवारी चर्चनंतर तिच्याकडे जेवायला जायचो; पण ती काय रांधायची ते मला आता आठवत नाही.

‘तू’नंतर लगेच आजी आली, क्रियापद आलं नाही, तेव्हा हा ‘जेव्हा’वाला ‘तू’. म्हणून उपवाक्य ‘खलीफ हेत’वर संपलं, मराठीच्या चालीवर. ते सगळं उपवाक्य म्हणजे पहिली जागा, म्हणून मुख्य वाक्याचं ‘हेत’ ताबडतोब दुसऱ्या जागी आलं. स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना ‘हेत, हेत’ असे जुळे उभे आहेत. छपाईची चूक नाही ती. पुढे काळ, स्थळ आणि शेवटी ‘खान ईत’, जेवायला जाणं. ‘मार’ पहिल्या गटातला, क्रम न बदलणारा, म्हणून त्यानंतर सरळ ‘एक कान’. मग पहिला ‘नी’. ‘वात’ने सुरू झालेलं उपवाक्य पुन्हा ‘खकूक हेत’ असं क्रियापदाने संपलं, आणि त्याच्याही मागे, सगळं झाल्यावर, दुसरा ‘नी’.

बोलीभाषेत यातले काही नियम सैल पडत चालले आहेत. ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ हे प्रमाण भाषेत ‘एक वीत नी वार हेय इस नी’ असं होतं. पण घरात आणि रस्त्यावर ‘एक वीत नी वार इस हेय नी’ हेही सतत कानावर पडतं. म्हणजे प्रश्नातली दुसरी जागा उपवाक्यातही शिरू लागली आहे. शिकणाऱ्याने लिहिताना पहिलं वापरावं आणि ऐकताना दोन्हींची तयारी ठेवावी. 1915 पासून निघणारं ‘दी बर्खर’ हे केप टाऊनचं दैनिक आणि 1916 साली सुरू झालेलं ‘हेयसखनूत’ हे साप्ताहिक प्रमाण भाषेचा क्रम पाहायला उत्तम. कानासाठी सरकारी प्रसारण संस्थेचं ‘आरएसजी’ हे आफ्रिकान्स केंद्र आहे. त्यावरच्या बातम्या आणि श्रोत्यांशी होणाऱ्या गप्पा एकाच दिवशी ऐकल्या, आणि प्रत्येक वाक्यात फक्त क्रियापद दुसऱ्या जागी आहे की शेवटी एवढंच टिपत गेलं, तर ‘वांत’, ‘दारॉम’ आणि ‘ऑमदात’ यांचे गट पाठ न करताही कानात बसू लागतात.